एक्कावन्नपैकी एक्कावन्न

२ डिसेंबर २०२४, सोमवार. अंबाजोगाई.
सुजाताने तिच्या आईविषयी पानभर मजकूर लिहून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला आहे. १९ जानेवारीला सु. (सुमन) जाऊन तीन वर्षे होतील. त्या दिवशी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तो वाचायचा आहे. मजकूर मनापासून लिहिलेला आहे. परंतु वस्तुस्थितीच्या तीन चुका.
"आई २००८ साली निवृत्त झाली." चूक. आरोग्यसेविका म्हणून सु. ३० जून २००९ रोजी निवृत्त झाली.
निरोप समारंभ त्याच दिवशी झाला, हेही चूक. तो ४ जुलै, शनिवारी झाला.
"बाबा पहिल्या रांगेत बसून आईचं भाषण ऐकत होते." नव्हतो. मी त्या दिवशी बीडला शिक्षकांच्या शुद्धलेखन कार्यशाळेत व्याख्यान देत होतो. परत पोहोचलो तेव्हा चहाचे कप गोळा करणे चालले होते. सु. म्हणाली, "असू द्या. तुमच्यासाठी शूटिंग केलंय की."
ते चित्रीकरण मी आजवर पाहिलेले नाही. आधी सवड नव्हती, म्हणजे सवड काढली नाही. २०११मध्ये तिला अर्धांगवायू झाला, वाचा गेली. त्यानंतर स्वतःचा जुना आवाज घरात लागलेला तिला सोसत नसे. ती गेल्यावर मला धैर्य झाले नाही. ती बोलताना दिसते आणि ऐकूही येते, अशी दुसरी कोणतीही गोष्ट या घरात नाही.
तबकडी (डीव्हीडी) ट्रंकेत आहे. अशा एकूण तेवीस. त्या वाचणारे जुने यंत्र केव्हाच बंद पडले. संगणकावर नकलून घ्याव्या लागतील. १९ तारखेला ते भाषण सर्वांना दाखवायचे, आणि मीही तेव्हाच पाहायचे, असे ठरवले.

५ डिसेंबर, गुरुवार
प. सर आले. (पठाण सर विज्ञान शिकवीत, मी मराठी, एका शिक्षकखोलीत एकोणीस वर्षे काढली.) सोबत तबकडी वाचणारे बाहेरून जोडायचे यंत्र आणले होते.
"सर, एकेक चकती चार जीबीची. तेवीस चोक ब्याण्णव. तुमच्या संगणकात जागा बत्तीस. बसवा आता."
दाबून लहान करावे लागेल. त्यासाठी एक फुकटची प्रणाली त्यांनी घालून दिली. तीत गुणवत्तेची एक पट्टी आहे. शून्यापासून एक्कावन्नपर्यंत सरकते. ती बावीसवर होती.
"ह्याला हात लावू नका."
"का?"
"बावीसवर बरं चालतं म्हणून."
याला कारण म्हणत नाहीत. पुन्हा विचारले, तर म्हणाले, "आल्यावर सांगतो, गाडी निघंल." मुलीकडे परभणीला गेले. पंधरवडा तिकडेच.

६ डिसेंबर, शुक्रवार
यंत्र बंद. पांढरे कपडे. विहारात गेलो. खांबाजवळची सु.ची जागा एका नवख्या बाईने घेतली होती. पाठमोरी तिच्यासारखी मुळीच दिसत नव्हती, तरी मी तिकडेच पाहत होतो.

८ डिसेंबर, रविवार
सुजाताच्या लग्नाची (२००७) तबकडी प्रथम घेतली. एक्कावन्नपैकी बावीस म्हणजे शेकडा त्रेचाळीस. इतक्या गुणांत आम्ही कोणाला बरे म्हणत नव्हतो. पट्टी एकतीसवर नेली. शेकडा साठ, प्रथम श्रेणी. नक्कल किंचित धूसर वाटते. चित्रीकरणच जुने आहे. गुण वाढवूनही आकार कमी झाला. शास्त्राची प्रगती.
लग्नात सु. मांडवाच्या दाराशी उभी राहून कोणाला तरी काही सांगते आहे. ओठ हलतात, हसते. ऐकू येते ती सनई, मग सिनेमाचे गाणे, पुन्हा सनई. शूटिंगवाल्याने दोन तासांत मूळ आवाजाचे एक अक्षरही शिल्लक ठेवलेले नाही. त्या काळी सर्वांच्या लग्नांना तसेच करीत आणि आपण त्याला कौशल्य समजत असू.
निरोप समारंभाला गाणी घालायचे पैसे कोणी दिले नव्हते. म्हणून तेवढा आवाज वाचला.

११ डिसेंबर, बुधवार
चौदा झाल्या. गुणपद्धती निश्चित केली. दूरच्या नातलगांची लग्ने : एकतीस. घरची कार्ये : एकोणचाळीस, विशेष प्रावीण्य. माझा सत्कार : एकतीस, स्वतःस प्रथम श्रेणीहून अधिक देऊ नये.
सु.ची तबकडी : पूर्ण.
नोकरीत असताना मराठीच्या उत्तरपत्रिकेला मी कधीही पैकीच्या पैकी दिले नाहीत. सु. म्हणे, "धडा लिहिणारा स्वतः पेपराला बसला तरी तुमी त्याचे दोन मार्क कापताल."

१३ डिसेंबर, शुक्रवार
सु.ची तबकडी. एक्कावन्न. लांबी एकेचाळीस मिनिटे बारा सेकंद; मूळ व नक्कल तंतोतंत. उघडून पाहिली नाही. १९ तारखेला माणसांत पाहीन.
आकार अवघा पंचावन्न एमबी.

१५ डिसेंबर, रविवार
सुदाम आला. (सु.चा धाकटा भाऊ, पालीला शेती.) तुरीच्या शेंगा आणल्या. टेबलावरची चळत पाहून म्हणाला,
"दाजी, ह्या चकत्या आता कावून ठुल्यात?"
"सगळ्यांच्या नकला झाल्या."
"मंग द्या की मला. ज्वारीत दाणा भरायलाय, पाखरं लई झालीत. चकती टांगली की अशी चमकती, पाखरू जवळ येत न्हाई. आमच्याकडं समदेच टांगतेत. मला तेवढ्या कुटून मिळाव्यात?"
यादीवर खुणा करून तेवीसच्या तेवीस दिल्या. नक्कल झाल्यावर मूळही ठेवणे ही द्विरुक्ती. द्विरुक्ती मी आयुष्यभर खोडत आलो. वेष्टने माझ्याकडे ठेवली. नावे वेष्टनांवर आहेत. तबकडीवर लिहिण्याची सवय मला नाही.
सुदाम जाताना खुशीत होता. "दाजी, हुरड्याला या. अक्काला लई आवडायचा."

२१ डिसेंबर, शनिवार
सुजाताला नक्कल धाडली. लहान असल्यामुळे फोनवरून गेली. ती नांदेडला असते. तासाभरात तिचा फोन.
"बाबा, ह्यात आई कुठंय?"
"व्यासपीठावर."
"कुठलं व्यासपीठ? नुसते चौकोन हलायलेत."
उघडून पाहिली. तिचे म्हणणे बरोबर आहे. करड्या, मातकट चौकोनांचा ढीग. तो सावकाश हलतो, थांबतो, पुन्हा हलतो. त्यात माणूस आहे हे आवाजावरून कळते. आवाज मात्र स्वच्छ. तेरा वर्षांनी ऐकला.
"एकोणतीस वर्षं ह्या हातात लशीचा डबा. आज रिकाम्या हातानं उभी राहिले, तर हात कुठं ठेवावा तेच कळंना."
यापुढे चार सेकंद काही नाही. मग सगळे सभागृह हसते. पुष्कळ वेळ हसते, टाळ्या पडतात.
त्या चार सेकंदांत तिने हातांचे काहीतरी केले आहे. नकलेत एक फिकट चौकोन वर जातो आणि खाली येतो.
कुठे चुकले, हे कळत नाही. पूर्ण गुण दिले होते.

२३ डिसेंबर, सोमवार
प. सर परतले. लगेच बोलावून घेतले.
"पट्टी कितीवर होती?"
"एक्कावन्न."
"या अल्लाह." खुर्ची ओढून बसले. "सर, ते मार्क नाहीत. किती फेकून द्यायचं, त्याचा आकडा आहे. शून्य म्हणजे काहीच फेकू नको. एक्कावन्न म्हणजे…"
"आपण कारण सांगितले नव्हते."
"नव्हतं सांगितलं. कारण दिल्याशिवाय तुम्ही कुणाचं ऐकत नाही, हे एकोणीस वर्षं बघितलं, आणि ऐन वेळी विसरलो. जाऊ द्या. मूळ चकती काढा, अर्ध्या तासाचं काम."
"मूळ चकती पालीला ज्वारीत आहे."
त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

२४ डिसेंबर, मंगळवार. पाली.
सकाळच्या गाडीने निघालो. केजपर्यंत उभा. मांजरसुंब्याचा घाट उतरून पालीला पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते. सुदामच्या ज्वारीत काठ्या रोवून सुतळ्या ताणलेल्या, त्यांवर तबकड्या. लांबून पाहता शेतात कोणी पाणी शिंपडते आहे, असे वाटले. दोन्ही बाजूंनी चमकाव्यात म्हणून त्याने त्या दोन-दोन पाठीला पाठ लावून बांधल्या होत्या. वारा आला की एकमेकींवर घासत होत्या. त्याच्या परीने काम नेटके होते.
कारण सांगितले. तो ऐकत राहिला.
"तुमी म्हणलात, नकला झाल्या."
"म्हणालो."
"ह्यात अक्काची हाय एवढं तरी सांगायचं, दाजी. मी ती फोटोपाशी ठुली असती. पाखरांपुढं टांगली असती का?"
तो तिथेच बांधावर बसला. त्याची बायको विमल एक तबकडी पदराने पुसू लागली. धुळीने आणखी ओरखडे उठतील म्हणून मी ओरडलो. ओरडायला नको होते. तिने जुन्या लुगड्याचा मऊ धडपा आणून दिला.
तेवीसही सापडल्या. आम्ही एकेक काठी रिकामी करत पुढे गेलो, तशी मागे पाखरे उतरत गेली. सुदामने एकालाही हाकलले नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार
कोणती सु.ची, हे लावून पाहिल्याखेरीज कळण्याचा मार्ग नाही. पहिल्या सोळा इतर. सतरावी तिची.
प. सरांनी साबणाच्या पाण्याने धुतली. मधून कडेकडे पुसायचे, गोल नव्हे. सव्वीस मिनिटांपर्यंत व्यवस्थित चालते : स्वागत, हार, वैद्यकीय अधिकाऱ्यांचे लांबलेले भाषण. सत्ताविसाव्या मिनिटाला सु.चे नाव पुकारतात. तिथे यंत्र थांबते.
"ओरखडा घासून निघतो, सर. ऊन निघत नाही. ह्या चकत्यांत रंगाचा थर असतो, तो उन्हानं जातो."
"नऊच दिवस होती."
"नऊ दिवस पुष्कळ झाले."
आता दुसरी प्रणाली लावली आहे. न वाचलेल्या तुकड्यापाशी ती पुन्हा पुन्हा जाते, हळू वाचते, जमेल तेवढे उचलते. किती दिवस लागतील, सांगता येत नाही.

२ जानेवारी २०२५, गुरुवार
वाचले : शेकडा त्रेसष्ट. यंत्र मधूनच दीर्घ श्वास घेतल्यासारखे घुमते आणि मागे येते.
तोवर माणसांना विचारावे, असे वाटले. सु.सोबत उपकेंद्रात असलेल्या कांबळेबाईंना फोन केला.
"हो हो, सर, लई हसलो होतो. हातानं कायतरी केलं होतं बघा त्यांनी."
"काय केले होते?"
"आता… न्हाई आठवत. पण लई हसलो."
त्या वेळचे औषधनिर्माते म्हणाले, हात पाठीमागे बांधून शाळकरी मुलीसारख्या उभ्या राहिल्या. वाहनचालक म्हणाला, "छ्या, साहेबांच्या टेबलावरचा तांब्या उचलून काखंत धरला, डब्यासारखा." दोघेही शपथेवर सांगतात. माणसांच्या सांगण्यातले चूक-बरोबर मी आयुष्यभर ठरवत आलो. येथे ठरवायला माझ्याकडे काही नाही. मी तिथे नव्हतो.

८ जानेवारी, बुधवार
चौसष्ट. भाषणाच्या आरंभीचे चाळीस सेकंद मिळाले.
एकट्याने पाहिले.
सु. खुर्चीवरून उठते. चप्पल काढू की नको, असा विचार करून काढते. ध्वनिक्षेपक तिच्या उंचीला फार वर आहे. खाली ओढून पाहते, येत नाही, मग टाचा उंचावते. पदर सारखा करते. "नमो बुद्धाय, जयभीम." आणि मान किंचित डावीकडे कलती ठेवून दारापाशी पाहते. तिथे कोणी येताना दिसते का, असे पाहते.
येथे चित्र थिजते.
सहा वेळा पाहिले.
सायंकाळी प. सर तेवढा भाग वेगळा काढून ठेवीत होते. "पट्टी कितीवर, सर?" मी म्हणालो, शून्य. "शून्यसुद्धा नको. दाबूच नका. आहे तसं राहू द्या."

१२ जानेवारी, रविवार
सुजाताने फोनवर एक तोड सुचवली. लग्नाच्या तबकडीत आई बोलताना दिसते, आवाज नाही. समारंभाच्या नकलेत आवाज आहे, आई नाही. दोन्ही जोडून देणारे नांदेडला पुष्कळ आहेत.
मी नकार दिला. ओठ २००७चे आणि शब्द २००९चे. मांडवाच्या दाराशी ती जे बोलली, ते हे नव्हे.
"कुणाला कळणारंय, बाबा?"
"मला."
"तुम्हाला आई पाहिजे का तारीख पाहिजे?"
फोन ठेवल्यावर तिचे म्हणणे तपासून पाहिले. माझ्याकडे उत्तर आहे, परंतु ते मोठ्याने म्हणता येईल असे नाही. दोन्ही पाहिजेत. एक सोडली की दुसरी हातची जाते, असे मला वाटते. कदाचित तसे नसेलही.

१४ जानेवारी, मंगळवार
एकाहत्तर. आज दिवसभर आकडा हललेला नाही.
सुदामला फोन केला, उचलत नाही. विमलने उचलला. "ते रानात हायती." दुपारी दोनला केला, तेव्हाही रानात. सायंकाळी सातलाही.

१८ जानेवारी, शनिवार
सुजाता आली. तिने पान दुरुस्त केले आहे. माझ्या तिन्ही दुरुस्त्या घेतल्या. 'पहिल्या रांगेत' खोडले, त्या जागी काहीच लिहिले नाही. शेवटी एक नवे वाक्य : "आईच्या निरोप समारंभाची डीव्हीडी जुनी झाल्यामुळे खराब झाली."
मी म्हणालो, हे खरे नाही.
"बाबा, उद्या सगळे विचारतील, भाषण का नाही दाखवलं. काय सांगायचं? मामानं शेतात टांगली म्हणून? विमलमामी म्हणत होत्या, ते येतच नाही म्हणायलेत. तोंड दाखवायला लाज वाटते म्हणे."
"लाज त्याने का धरावी?"
"मग कुणी?"
हे तिने तोडून विचारले नाही. मग म्हणाली, "मी तुमच्यासाठी तसं लिहिलंय. तुमच्याकडं कुणी बोट करू नये म्हणून."
कळते. दयेपोटी लिहिले आहे. परंतु जुनी झाली म्हटल्याने सुदाम सुटत नाही. ज्यांना ठाऊक आहे ते त्याच्याकडेच पाहतील, आणि तोही स्वतःकडेच पाहील.
यंत्र एकाहत्तरवरच. वरून हात ठेवला तर गरम लागते. प. सर म्हणतात, थांबवले तर आहे तेवढे राहील. चालू ठेवले तर मिळेल किंवा यंत्रच जाईल. "तुम्ही सांगा." मी अद्याप सांगितलेले नाही.
उद्या चित्र लावायचे नाही. आवाज लावायचा, एकेचाळीसपैकी तिच्या भाषणाची आठ मिनिटे. त्यातले लोक हसतील तेव्हा ऐकणाऱ्यांना कारण कळणार नाही. चालेल.

१९ जानेवारी, रविवार. सकाळी.
माणसे अकराला येतील. सुदामला आणायला प. सर आपली मोटार घेऊन पहाटेच गेले. "तुमच्या मेव्हण्याला न घेता येत नाही, मीही मास्तर आहे, उठवून आणतो," म्हणाले.
सुजाताचे शेवटचे वाक्य तिच्यासमोर खोडले. तिने वाद घातला नाही. नुसते पेन हातात दिले. त्याऐवजी पुढील मजकूर तिच्या पानानंतर मी स्वतः वाचणार आहे.

सुमन आरोग्यसेविका म्हणून निवृत्त झाली : ३० जून २००९.
निरोप समारंभ : ४ जुलै २००९. मी उपस्थित नव्हतो.
तिने माझ्यासाठी करून ठेवलेले चित्रीकरण घरी आले : जुलै २००९. मी लावले नाही.
ती बोलू शकत होती, आणि शेजारी बसून ते दोघांना पाहता आले असते, असा काळ : जुलै २००९ ते २०११.
तबकडीची सदोष नक्कल केली : १३ डिसेंबर २०२४. मी केली. नक्कल तपासली नाही.
मूळ तबकडी सुदामला दिली : १५ डिसेंबर २०२४. त्याने पाखरांसाठी जुन्या चकत्या मागितल्या होत्या. त्यांत त्याच्या बहिणीची आहे, हे त्याला ठाऊक नव्हते, मला होते.
तबकडी परत आणली : २४ डिसेंबर २०२४. सुदामने आपल्या उभ्या ज्वारीची राखण सोडून सगळ्या काढून दिल्या.
तबकडी जुनी होऊन खराब झाली : अशी कोणतीही तारीख नाही.
भाषणाचे पहिले चाळीस सेकंद मिळाले : ८ जानेवारी २०२५.
उरलेले भाषण मिळाले :
(येथे जागा सोडली आहे. यंत्र चालू आहे.)